पुढच्या शॉकअपमधून तेल गळते तेव्हा

पहाटेची वेळ. धारा काढून झाल्या होत्या. आमच्या साक्षरता वर्गाला येणारे एक दूधवाले मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी किटल्या अडकवून डेअरीला निघाले. गावाबाहेर उतार आहे. उताराच्या तळाशी वळण आहे. त्या वळणावर उसाची ट्रॉली आडवी आली. दूधवाल्यांनी पुढचा ब्रेक दाबला. ब्रेक दाबला गेला, पण गाडी थांबेना. मागच्या ब्रेकवर पाय रोवला, तेव्हा कुठे गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. एक किटली सांडली. माणूस वाचला.

गाडी बाजूला घेऊन बघतात, तर पुढच्या चाकाची डिस्क तेलाने माखलेली. ब्रेकच्या पॅडनीही तेल पिऊन घेतलेले.

"महिनाभर तेल गळतंय, हे मला दिसत हुतं," ते आम्हांला म्हणाले. "पण म्हटलं, शॉकअपचं तेल हाय, इंजनाचं न्हवं. गळंना का थोडं!"

असे पुष्कळांना वाटते. इंजिनचे तेल कमी झाले तर आपली झोप उडते. शॉकअपचे तेल गळले तर आपण फडक्याने पुसतो आणि पुढे जातो. म्हणून हे तेल कुठे असते, कशाला असते, का गळते आणि गळती कशी बंद करायची, ते आता नीट पाहू. हे सगळे काम तुम्ही घरीच करा, असे आमचे म्हणणे नाही. पण काम मिस्त्रीला दिले तरी ते बरोबर होते आहे की नाही, हे गाडीच्या मालकाला कळले पाहिजे.

फटफटीचे पुढचे दोन पाय

सायकलचे पुढचे चाक चिमट्यात बसवलेले असते. मोटारसायकललाही तसाच चिमटा असतो. त्याला इंग्रजीत फोर्क म्हणतात. आपल्याकडे सगळे शॉकअप म्हणतात. आम्हीही तेच म्हणू.

सायकलचा चिमटा जागचा हलत नाही. मोटारसायकलचा चिमटा मात्र खाली-वर होतो. त्याचे दोन पाय असतात. प्रत्येक पायात दोन नळ्या असतात. वरची नळी बारीक, पोलादी आणि आरशासारखी चकचकीत असते. तिला मिस्त्री लोक रॉड म्हणतात. खालची नळी जाड असते. तिला बॉटम म्हणतात. रॉड बॉटममध्ये आत-बाहेर सरकतो. आत एक लांब स्प्रिंग असते आणि थोडे तेल असते. लहान गाडीच्या एका पायात साधारण चहाचे एक-दोन कप भरतील एवढेच तेल.

आता तुम्ही विचाराल, स्प्रिंग आहे तर तेल कशाला?

नुसती स्प्रिंग असती, तर गाडी एकदा खड्ड्यातून गेल्यावर चेंडूसारखी टप्पे खात राहिली असती. चाक जमिनीवर टेकले नसते. चाक टेकले नाही तर ब्रेक कशाला लागणार? ही उसळी मोडण्याचे काम तेल करते. डॉक्टरांची इंजेक्शनची पिचकारी आठवा. सुई नसली तर दट्ट्या एका झटक्यात आत जातो. सुई लावली की तोच दट्ट्या सावकाश जातो, कारण औषधाला बारीक छिद्रातून वाट काढावी लागते. शॉकअपमध्येही तेल बारीक छिद्रांतून इकडून तिकडे जाते. त्यामुळे स्प्रिंग दबते ती बेताने आणि उलटते तीही बेताने.

फार जुन्या गाड्यांना ही सोय नव्हती. तेलाने उसळी मोडणारा असा चिमटा बसवलेली गाडी जर्मनीतल्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली विकायला काढली. आज तुमच्या दारातली साधी शंभर सीसीची गाडीसुद्धा त्याच युक्तीवर चालते.

सील म्हणजे काय?

रॉड सारखा आत-बाहेर करतो. मग आतले तेल बाहेर का येत नाही? कारण बॉटमच्या तोंडाशी रबराचे एक कडे बसवलेले असते. तेच ऑइल सील.

रॉकेलचा पंपाचा स्टो ज्यांनी वापरला आहे, त्यांना हे लगेच समजेल. स्टोच्या पंपात चामड्याचे वायसर असते. ते सुकले की कितीही पंप मारा, हवा भरत नाही. मग आपण त्याला खोबरेल तेलाचे बोट लावतो. ते मऊ होऊन नळीला चिकटते आणि पंप पुन्हा चालू लागतो. ऑइल सील हे त्याच वायसरचे शिकलेले भावंड आहे. आणि हे नाते नुसते सांगण्यापुरते नाही. जर्मनीत वाइनहाइम गावी फ्रॉयडेनबर्ग नावाची कातडी कमावणारी पेढी होती. १९२९ च्या मंदीत कातड्याचा धंदा बसला, तेव्हा ती पेढी यंत्रांसाठी चामड्याची सील करू लागली. पुढे काही वर्षांनी चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. चामड्यावर पोट असणाऱ्या आपल्या कोल्हापूरकरांना ही हकिकत ऐकून नवल वाटू नये.

नवे सील हातात घेऊन बघा. बाहेरची कड टणक असते. तिच्यात लोखंडी कडे असते. आतली कड पातळ आणि मऊ असते. तिला ओठ म्हणू. हा ओठ रॉडला सगळीकडून चिकटून राहतो. ओठाच्या मागे केसासारखी बारीक गोल स्प्रिंग असते. ती ओठाला रॉडवर आवळून धरते. सीलच्या वर आणखी एक टोपी असते. तिला डस्ट सील म्हणतात. तिचे काम तेल अडवण्याचे नाही, धूळ अडवण्याचे.

सगळा भार त्या पातळ ओठावर असतो. ओठाखाली वाळूचा एक कण अडकला तरी तिथून तेलाला वाट मिळते.

खरेच गळते आहे का?

शॉकअप ओला दिसला की लगेच सील बदलायला धावू नका. आधी खात्री करा.

दोन्ही रॉड आणि दोन्ही बॉटम कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा. मग गाडीवर बसा, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर भार देऊन गाडीचे तोंड दहा वेळा दाबा. ब्रेकच लागत नसेल तर कुणाला तरी पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरायला सांगा. आता रॉडकडे बघा. हात फिरवला तर बोट जेमतेम तेलकट होते, एवढेच असेल तर काळजी नाही. ओठाला सरकायला तेवढा ओलावा लागतोच. पण रॉडवर तेलाचे ठसठशीत कडे उमटले, किंवा ओघळ खाली आला, तर सील गळते आहे.

कडे नाही, पण बॉटमच्या अगदी खालच्या टोकाला थेंब लटकतो आहे, असे असेल तर दोष सीलचा नाही. बॉटमच्या तळाला एक बोल्ट असतो. त्याच्याखाली तांब्याचे वायसर असते. ते दबून गेले की तिथून तेल झिरपते. ते वायसर अगदी थोड्या पैशांत मिळते. याच जागी फसून लोक सील बदलतात आणि थेंब तसाच पडत राहतो.

डिस्कच्या गाडीत आणखी एक गोष्ट तपासा. ब्रेकमध्येही एक पातळ द्रव असतो. तो गळत असेल तर ब्रेकच्या वरच्या डबीतली पातळी उतरते आणि लिव्हर मऊ लागते. तसे असेल तर गाडी चालवू नका. आधी ब्रेक दुरुस्त करा.

गळती बरेच दिवसांची असेल तर गाडीच सांगते. खड्ड्यात पुढून 'खट्ट' असा आवाज येतो. ब्रेक मारल्यावर गाडी नाकावर पडल्यासारखी वाकते. एका पायात तेल कमी आणि दुसऱ्यात पुरेसे असेल, तर दोन पाय दोन तऱ्हेने वागतात आणि वळणावर हँडल भरवशाचे वाटत नाही. तेल डिस्कच्या बाजूने गळत असेल तर काय होते, ते दूधवाल्यांनी पाहिलेच. दुसऱ्या बाजूने गळत असेल तर ते टायरवर जाते. डिस्क नसलेल्या गाडीत चाकाच्या ड्रममध्ये ब्रेकचे लायनर असतात. तिथे तेल पोचायला वेळ लागतो. पण पोचले की लायनरचेही तेच होते.

आमचे दोनदा फसलेले काम

इथे आमचीच एक गोष्ट सांगतो. आमच्या गाडीच्या डाव्या शॉकअपमधून तेल गळू लागले. एका गॅरेजमध्ये नवे सील टाकून घेतले. दोन महिन्यांत पुन्हा गळती. आम्हांला वाटले सील हलके दिले. दुकान बदलले, कंपनीचे सील आणले, पुन्हा पैसे मोजले. दीड महिन्यात पुन्हा ओघळ.

मग आम्ही दुसऱ्याच कामासाठी शिवाजी उद्यमनगरात गेलो होतो. तिथे लेथवर काम करणाऱ्या एका वयस्क कारागिरांनी गाडीकडे पाहिले. त्यांनी कुठलेही हत्यार घेतले नाही. पेटीतून चिमूटभर कापूस काढला. रॉड पुसून कोरडा केला आणि कापूस त्यावरून हळू खाली-वर फिरवला. एका जागी कापसाचे तंतू अडकले. पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच.

"सील काय करंल?" ते म्हणाले. "तुमचा रॉड कानस झालाय. रोज वठ कापतोय त्यो."

आम्ही वाकून पाहिले. मोहरीच्या चतकोराएवढा गंजाचा खड्डा होता. डोळ्यांना जेमतेम दिसत होता. गाडी दिवसभर चालायची, रॉड खाली-वर व्हायचा आणि तो खड्डा दर खेपेला सीलच्या ओठावरून कानशीसारखा फिरायचा. दोन्ही सीलांची काही चूक नव्हती. चूक आमची होती. गळती दिसली तिथेच आम्ही बघत राहिलो. ती कशाने होते, हे पाहिलेच नाही.

तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो, सील आणायच्या आधी रॉडवरून कापूस फिरवा. कापूस नसेल तर नख फिरवा. नख अडले तर खड्डा आहे. मात्र कुठला खड्डा महत्त्वाचा, हेही ओळखा. रॉडचा जो भाग सीलमधून आत-बाहेर जातो, तेवढाच महत्त्वाचा. अगदी वर, हँडलखालच्या टीजवळ गंज असेल आणि तो भाग सीलपर्यंत कधीच येत नसेल, तर त्याने तेल गळत नाही.

आपल्याकडे सील लवकर का जाते?

कोल्हापूर जिल्ह्यात गाडीच्या शॉकअपला सुखाचे दिवस थोडे. पावसाळ्यात गगनबावड्याकडे पाऊस असा कोसळतो की रस्ता आणि ओढा वेगळे ओळखू येत नाहीत. पाऊस सरला की उसाचा हंगाम सुरू होतो. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरी रस्त्यावर येते. ओली असताना ती रॉडवर उडते आणि तिथेच वाळते. वाळलेला चिखल रॉडबरोबर डस्ट सीलखाली शिरतो. पुढे त्याचे कण ओठाखाली जातात. म्हणून आठवड्यातून एकदा रॉड ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने पुसा. गाडी धुण्याच्या केंद्रावर पाण्याचा जोरदार फवारा थेट सीलवर मारू देऊ नका. तो फवारा माती बाहेर काढत नाही, आत ढकलतो.

दुसरे कारण म्हणजे पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी धरतात. दोन्ही वेळा पाणी तिच्या कितीतरी वर गेले. आंबेवाडी, प्रयाग चिखली, शिरोळ तालुक्यातली नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. माणसे आणि जनावरे हलवताना गाड्या जागेवरच राहिल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी इंजिनचे तेल बदलले, एअर फिल्टर बदलला, वायरी वाळवल्या. शॉकअप उघडायचे कुणाला सुचले नाही. गाडी चार-सहा दिवस पाण्यात उभी राहिली की पाणी सीलमधूनही आत झिरपू शकते. ते तेलात मिसळून दुधाच्या चहासारखे होते. रॉड बाहेरून चकचकीत असतो, कारण त्यावर क्रोमचा मुलामा असतो. आतल्या बाजूला तो मुलामा नसतो. तिथे गंज धरतो. गंजाचे कण तेलात फिरतात आणि बुश, सील सगळे झिजवतात. तुमची गाडी कधी पुरात बुडाली असेल आणि शॉकअपचे तेल अजून बदलले नसेल, तर गळतीची वाट न पाहता ते बदलून घ्या.

तिसरे कारण, पडलेली गाडी. ट्रॉलीला किंवा बांधाला धडक बसली की रॉड किंचित वाकतो. डोळ्यांना कळत नाही. वाकलेला रॉड सीलला एका बाजूने दाबतो आणि दुसऱ्या बाजूने सोडतो. असा रॉड काढून सपाट काचेवर लोळवला की तो थबकत, डुलत जातो. लेथवाला घड्याळी माप लावून नेमके सांगतो.

चौथे कारण झिजलेले बुश. पुढचे चाक अधांतरी करून बॉटमची टोके दोन्ही हातांनी धरा आणि मागे-पुढे ओढा. खडखड हलले तर झीज आहे. पण घाई नको. हँडलखालचे बॉल रेसर ढिले असले तरी असेच हलते. दुसऱ्या माणसाला वरच्या टीपाशी बोट ठेवायला सांगा. तिथे हालचाल जाणवली तर दोष रेसरचा. तिथे स्थिर आणि फक्त रॉड-बॉटमच्या सांध्यात हलते, तर दोष बुशचा.

तेल जास्त भरले तरी सील जाते, हे पुष्कळांना माहीत नसते. गळते म्हणून थोडे जास्तच घालू, असे म्हणून लोक तेल ओततात. मग आत हवेला जागा उरत नाही. खड्ड्यात गाडी दबली की सगळा दाब सीलवर येतो.

आधी एक स्वस्त उपाय

रॉड गुळगुळीत आहे, सरळ आहे, गळती नुकतीच सुरू झाली आहे. मग ओठाखाली माती अडकली असण्याचा संभव मोठा. अशा वेळी सील न बदलताही काम होऊ शकते.

जुन्या एक्स-रेची फिल्म घ्या. तिची दोन बोटे रुंद, वीतभर लांब पट्टी कापा. एका टोकाला कडेने लहानसा आकडा कापा. कापलेल्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासून मऊ करा. आता डस्ट सील चपट्या स्क्रूड्रायव्हरने हळूच उचकटून रॉडवर वर सरकवा. स्क्रूड्रायव्हर रॉडला लागू देऊ नका. एक ओरखडा पडला तर आम्ही सांगितलेली कानस तुम्ही स्वतःच तयार केली, असे होईल. तिथली माती पुसून घ्या. फिल्मची पट्टी रॉड आणि सील यांच्यामध्ये खाली सरकवा, आकडा ओठाखाली गेला की रॉडभोवती गोल फिरवा आणि वर ओढा. आकड्याबरोबर काळी घाण येईल. पुसा. दोन-तीन वेळा करा. मग गाडीचे तोंड दाबून पुन्हा तेच परीक्षण करा.

गळती थांबली तर छान. दोन-चार दिवसांत पुन्हा सुरू झाली तर ओठ फाटला आहे. आता सील बदलावेच लागेल.

सील बदलताना

डिस्कच्या गाडीत कॅलिपर काढावा लागतो. तो नळीवर लोंबकळत ठेवू नका, दोरीने बांधा. चाक काढलेले असताना पुढचा ब्रेक मुळीच दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतील आणि मग चाक बसणार नाही. घरात लहान मुले असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. काढलेली गाडी दिसली की लिव्हर दाबून बघण्याचा मोह पोरांना होतोच.

गाडी डबल स्टँडवर लावा. इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक उचला. गाडी हलून बघा. ती पक्की उभी असेल तरच पुढे जा. चाक आणि मडगार्ड काढा.

टीचे बोल्ट सैल करण्यापूर्वी दोन कामे करून घ्या. शॉकअपच्या वरची टोपी थोडी सैल करा. तळाचा बोल्टही एलन कीने थोडा सैल करा. स्प्रिंग आत दाबलेली आहे तोवर हा बोल्ट सहसा सुटतो. स्प्रिंग काढली की आतला भाग बोल्टबरोबर गरागरा फिरतो आणि माणूस घामाघूम होतो. मग पाय टीमधून पिळत पिळत खाली ओढून काढा. टोपी पूर्ण काढताना तोंड टोपीच्या वर आणू नका. खाली दबलेली स्प्रिंग टोपीला उडवते.

स्प्रिंग काढताना तिचे कुठले टोक वर होते ते बघून ठेवा. तेल एका पांढऱ्या वाडग्यात ओता आणि त्याचा रंग बघा. काळे असेल तर नुसते जुने झाले आहे. चहासारखे असेल तर पाणी गेले आहे. उन्हात धरल्यावर बारीक चमक दिसली तर आतले धातूचे भाग झिजताहेत. हे तेल विहिरीत, ओढ्यात किंवा कालव्यात टाकू नका. गॅरेजमध्ये जुन्या तेलाचे पिंप असते, त्यात द्या.

डस्ट सील काढा. तिच्याखाली तारेचे गोल लॉक असते, तेही काढा. जुने सील उचकटताना बॉटमच्या कडेवर फडक्याची घडी ठेवा. कड तुटली तर सीलपेक्षा कितीतरी महाग पडते. सगळे भाग रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन कोरडे करा.

आता पुन्हा रॉडवरून कापूस फिरवा. बारीक खरखर असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर तेलात बुडवून रॉडभोवती हलक्या हाताने घासा. खड्डा खोल असेल तर त्याला काही करून भागत नाही. काही लोक खड्ड्यात एम-सील भरून घासून घेतात. तेवढ्यापुरते ते चालते. आमचे मत विचाराल तर पैसे साठवून रॉड बदलावा, किंवा शहरात हार्ड क्रोमचा मुलामा चढवून माप करून देणाऱ्या कारागिराकडे द्यावा. आमच्या गाडीचा रॉड आम्ही शेवटी बदलला.

नवे सील तुमच्याच गाडीचे घ्या. जुने नमुन्याला घेऊन जा आणि त्यावर कोरलेले आकडे जुळवून बघा. ओठाला शॉकअपचे तेल लावा. कोरडे सील बसवू नका. रॉडच्या वरच्या टोकाची कड धारदार असते. तिच्यावर दुधाची रिकामी पिशवी धुऊन चढवा आणि त्यावरून सील सरकवा. ओठ कापला जात नाही. बारीक स्प्रिंगची बाजू खाली, म्हणजे तेलाकडे. आकडे कोरलेली बाजू बहुधा वर येते. सील ठोकताना जुने सील त्याच्यावर ठेवा आणि योग्य मापाच्या पाइपाच्या तुकड्याने चहूबाजूंनी सारखे ठोका. एका बाजूने हातोडी मारली की सील तिरपे बसते आणि पहिल्याच दिवशी गळते. लॉकची खाच पूर्ण दिसली की थांबा. लॉक घाला, डस्ट सील दाबून बसवा. तळाच्या बोल्टला तांब्याचे नवे वायसर घाला.

तेल किती आणि कुठले, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. तुम्हांला आता वाचता येते. मिस्त्रीला विचारण्याआधी ते पान स्वतः काढून वाचा. औषधाच्या मापाच्या पेल्याने मोजून दोन्ही पायांत सारखे घाला. इंजिनचे उरलेले तेल घालू नका. ते कमी-जास्त घट्ट असते. गळती एका बाजूची असली तरी दोन्ही बाजूंची सीले एकदम बदला. तेल घातल्यावर रॉड हळूहळू आठ-दहा वेळा खाली-वर करा, म्हणजे आतली हवा निघते.

जुन्या बुलेट, राजदूत, येझदी यांची रचना थोडी वेगळी असते. आणि काही नव्या गाड्यांचा शॉकअप उलटा असतो, म्हणजे जाड नळी वर आणि चकचकीत रॉड खाली. त्यात सील ब्रेकच्या जवळच येते. गळलेले तेल लगेच डिस्कवर जाते. त्या कामाला वेगळी हत्यारे लागतात. ते जाणकाराकडेच द्या.

गाडी उभी करताना

चाकाचा आस बसवला की कॅलिपर बांधा. पुढचा ब्रेक दहा-वीस वेळा दाबून लिव्हर घट्ट लागते का बघा. मग गाडीचे तोंड काही वेळा दाबा, म्हणजे दोन्ही पाय आपोआप सरळ रेषेत बसतात. आता आसाचे आणि टीचे बोल्ट पक्के आवळा.

सील नवे झाले, म्हणजे ब्रेक बरा झाला असे नाही. डिस्क ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्याने धुऊन स्वच्छ फडक्याने पुसा. रॉकेल वापरू नका. ते स्वतःच तेलकट असते. तेल प्यालेले पॅड किंवा लायनर मात्र टाकून द्या. ते घासून, उन्हात वाळवून कोरडे दिसतात, पण तापले की आतले तेल पुन्हा वर येते. दूधवाल्यांनी सील बदलले, रॉड तपासला, सगळे नीट केले आणि पॅड तेवढे जुनेच ठेवले. दुसऱ्या दिवशी उतारावर ब्रेक पुन्हा घसरला. त्या वेळी समोर ट्रॉली नव्हती. ते तसेच डेअरीला गेले, दूध घातले आणि येताना पॅड घेऊन आले.

आता रोज पहाटे किटल्या अडकवण्याआधी ते दोन्ही रॉड फडक्याने पुसतात. डेअरीवर पोचले की वाकून बघतात, कडे उमटले आहे का.